पाठ शाबूत, तर लेणी पाहू!

शोरूममध्ये बाइक बघायला गेलेला मराठी तरुण साधारण दोनच प्रश्न विचारतो. सोबत बाबा असतील तर, 'ॲव्हरेज किती देते?' सोबत मित्र असतील तर, 'टॉप किती मारते?' तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही: 'दोन बॅगा आणि मागे बसणारी एक व्यक्ती घेऊन तीनशे किलोमीटर गेलो, तर उतरल्यावर दोघांना सरळ उभं राहता येईल का?'

खरं तर वीकेंडची बाइक निवडताना हाच पहिला प्रश्न हवा. ऑफिसला जायला कुठलीही गाडी चालते. तिथे फार तर पंधरा-वीस किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत. शनिवार-रविवारचं गणित वेगळं असतं. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद, शनिवारी पहाटे किक (बरं, बटन स्टार्ट!) आणि सोमवारी सकाळी दहाला पुन्हा त्याच खुर्चीवर. म्हणजे पाठीला विश्रांती शून्य. तेव्हा बाइक चुकली तर ट्रिपचा फोटो झकास येतो आणि सोमवारी फिजिओथेरपिस्टची अपॉइंटमेंट घ्यावी लागते.

म्हणून या आठवड्यात बाइकची परीक्षा एका खऱ्याखुऱ्या रस्त्यावर घेऊ या. रस्ता आहे अजिंठ्याचा.

अजिंठाच का?

कारण या एका ट्रिपमध्ये सगळं येतं. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर. तिथून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव, मग घाट उतरून फर्दापूर, हे आणखी शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊन पावणेसातशे झाले. सपाट सरळ रस्ता, गावोगावचे गतिरोधक, सिमेंटच्या पट्ट्यांवरची धडधड, शेवटी घाट आणि डोक्यावर मराठवाड्याचं ऊन. कुठल्याही टेस्ट राइडमध्ये एवढं मिळत नाही.

दुसरं कारण भावनेचं. पुण्याकडून शहरात शिरताना आधी वाळूज लागतं. १९८५ साली बजाज ऑटोनं इथे कारखाना सुरू केला आणि औरंगाबादची (आताच्या संभाजीनगरची) एक पिढीच्या पिढी दुचाकीच्या सुट्या भागांवर मोठी झाली. बजाजनगर नावाची अख्खी वस्ती तिथे आहे. तिथल्या चहाच्या टपरीवर क्लच प्लेटवर चर्चा करणारी माणसं भेटली, तर नवल वाटून घेऊ नका.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. समृद्धी महामार्गाचं नाव काढू नका, बॉस. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरही नाही. म्हणजे आपल्या नशिबात जुनेच रस्ते. त्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आहेत, एसटी आहे, उलट्या बाजूनं येणारा दूधवाला आहे. ताशी सत्तर-ऐंशीच्या वर जायची वेळ फार कमी येते. तेव्हा 'टॉप किती मारते' हा प्रश्न इथेच बाद! खरा प्रश्न असा, की ऐंशीच्या वेगाला इंजिन निवांत राहतं का, हँडल हातात मुंग्या आणतं का?

बसायचं कसं, हाच फंडा

बाइकवर तुमचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: सीट, फूटरेस्ट आणि हँडल. ही वाटणी जमली की गाडी आरामाची.

पहिला प्रकार स्पोर्ट्स बाइकचा. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, आपण पुढे झुकलेले. कॉलेजच्या गेटवर टशन एकदम सॉलिड! पण वजन मनगटांवर येतं. शिरूर येईपर्यंत मनगटं बोलायला लागतात, नगरला (आताच्या अहिल्यानगरला) मान. त्यात पाठीवर सॅक असेल तर संपलंच.

दुसरा प्रकार क्रूझरचा. बजाजनं २००१ मध्ये एलिमिनेटर आणि २००५ मध्ये ॲव्हेंजर आणली, तेव्हा 'आरामाची गाडी' म्हणजे हीच, असं आपल्याकडे पक्कं झालं. सीट खाली, पाय पुढे पसरलेले, हात आरामात. सरळ रस्त्यावर खरंच मजा येते. पण पाय पुढे असल्यानं फूटरेस्टवर जोर देऊन उठता येत नाही. खड्डा आला की सगळा दणका थेट माकडहाडाला. उंची कमी असेल, रस्ता बरा असेल, तर क्रूझर उत्तम. खड्ड्यांचा रस्ता असेल तर विचार करा.

तिसरा प्रकार सरळ बसायचा. हँडल रुंद आणि उंच, फूटरेस्ट जवळपास गुडघ्यांच्या खाली, पाठ ताठ. आपल्या वडिलांची साधी कम्यूटर बाइक याच प्रकारातली आणि आजच्या ॲडव्हेंचर बाइकही याच. खड्डा दिसला की फूटरेस्टवर किंचित उभं राहायचं, दणका गुडघे झेलतात. आपल्या रस्त्यांना हीच बैठक सगळ्यात जास्त मानवते.

सीटबद्दल एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. मऊ सीट म्हणजे आरामाची सीट नव्हे. शोरूममध्ये बोट रुतणारा फोम तासाभरात बसतो आणि मग खालचा पत्रा जाणवायला लागतो. थोडी घट्ट, रुंद, सपाट सीट लांबच्या पल्ल्याला बरी. शोरूममध्ये गाडीवर दहा मिनिटं नुसतं बसून राहा. सेल्समन विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. हप्ते तो भरणार नाहीये.

मागे कोण बसतंय?

आपल्याकडे बाइकचं परीक्षण पुढे बसणाऱ्याच्या नजरेतून होतं. मागची व्यक्ती, मग ती बायको असो, मैत्रीण असो, आई असो, 'ॲडजस्ट' करते. पण गतिरोधकावर मागची व्यक्ती उडून पडली आणि डोक्याला मार लागला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतोय. त्यात वेग फार नसतो. नुसतं धरायला काही नसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ अगदी साधा आहे. डबलसीट नेता येणाऱ्या मोटारसायकलला मागच्यासाठी पकडायला हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. आणि गाडी घरी आली की 'लूक जातो' म्हणून पहिल्याच आठवड्यात हौशी मंडळी नेमकं तेच काढून टाकतात! साडी नेसणारं कोणी बसणार नसेल, पण ओढणी आहे, जॅकेटची नाडी आहे, बॅगेचा लोंबणारा पट्टा आहे. चाक ओढायला लागलं की विचारत बसत नाही.

तेव्हा टेस्ट राइडला मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत न्याच. तिला तीन गोष्टी विचारा. गुडघे फार वर येतात का? ब्रेक मारला की पुढे घसरायला होतं का? हात नैसर्गिकपणे हँडलला पोचतात का? यातल्या एकाचं जरी उत्तर नकोसं आलं, तरी ती गाडी एकट्याची. हेल्मेट दोघांनाही, आयएसआय मार्कचं. कायद्यानं मागच्यालाही सक्तीचंच आहे आणि कायदा नसता तरी घालायलाच हवं.

सामान: खाली, जवळ आणि घट्ट

आता मुद्दा बॅगांचा. आधी हिशेब करू. तुम्ही ७० किलो, मागची व्यक्ती ६० किलो, दोघांचे कपडे, पाणी, कॅमेरा, रेनकोट मिळून १५ किलो, हेल्मेट-जॅकेट धरून आणखी सात-आठ. झाले दीडशेच्या वर. प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त वजन किती चालेल, हे छापलेलं असतं. ते पान आपण कधी उघडत नाही, एकदा उघडा. दीडशे किलोला जी गाडी काठावर आहे, ती अजिंठ्याच्या घाटात ब्रेक मारताना सांगेलच.

सामान लावायचा नियम तीन शब्दांचा: खाली, जवळ, घट्ट. जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगमध्ये, दोन्हीकडे सारखं वजन. कॅरिअरवरच्या डब्यात हलक्या वस्तू. तो डबा मागच्या चाकाच्याही मागे असतो. त्यात वजन भरलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. पाठीवर सॅक शक्यतो नकोच. आठ किलोची सॅक सकाळी आठ किलोची असते, दुपारी अठराची वाटते.

कापडी सॅडलबॅग की कडक डबे? आपल्या अजिंठ्याच्या कामाला कापडीच बऱ्या. हलक्या, स्वस्त, गाडी पडली तरी पायाला लागत नाहीत. फक्त दोन गोष्टी बघा. सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही ना? टेकली तर सिल्लोडच्या अलीकडेच जळका वास येईल. आणि बॅग चाकात ओढली जाणार नाही ना? इथे तोच साडी गार्ड पुन्हा कामाला येतो. बघितलंत, लूक गेला तरी बॅग वाचली! पावसात बॅगेवरच्या कव्हरवर विसंबू नका. आत कपड्यांना प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, पाच रुपयांत काम होतं.

सामान लादलं की दोन सेटिंग बदला. एक, मागचे शॉकअप कडक करून घ्या. बहुतेक गाड्यांना त्याची पायऱ्यांची सोय असते, टूलकिटमध्ये पाना मिळतो. नाहीतर गाडी मागून बसते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातो. दोन, मागच्या चाकात हवा वाढवा. डबलसीटसाठी किती हवा भरायची, हे चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याचा अंदाज नको.

मग घ्यायची कुठली?

इथे कोणाची जाहिरात करायची नाही, पण नावं घेतल्याशिवाय समाधान होत नाही, हे माहीत आहे. तेव्हा स्वभावानुसार चार.

निवांत जाणाऱ्या जोडप्याला रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०. २०२० मध्ये आली. सीटची उंची ७६५ मिलिमीटर, त्यामुळे पाय जमिनीला टेकतात. टाकी १५ लिटरची. वजन मात्र १९१ किलो, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे ढकलताना घाम.

रस्ता कसाही असो, मला जायचंच आहे, असं म्हणणाऱ्यांना नवी हिमालयन. ४५२ सीसीचं इंजिन घेऊन ही २०२३ मध्ये आली. सीट ८२५ मिलिमीटर, टाकी १७ लिटर, वजन १९६ किलो. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर आधी बसून बघाच.

त्याच घराण्यातली, पण हलकी हवी असेल तर सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. २०२२ साली आलेली, २४९ सीसी, १६७ किलो. सीट ८३५, म्हणजे उंचच. पण ते तीस किलो कमी असणं सोमवारी ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये कळतं.

आणि बजाजची डॉमिनार. २०१६ च्या अखेरीस आलेल्या या गाडीचा एक धडा सगळ्यांनीच घ्यावा. २०२१ मध्ये कंपनीनं ४०० च्या मॉडेलला उंच काच, कॅरिअर आणि मागच्यासाठी पाठटेकू कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे आराम सीसीतून येत नाही, ॲक्सेसरीतून येतो, हे कंपनीलाही पटलं.

एक पैशांची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ३५० ची रेघ ओलांडताना त्या जास्तीच्या ताकदीची खरंच गरज आहे का, हे कॅल्क्युलेटर घेऊन ठरवा. दर महिन्याला हप्ता जाणार, ट्रिप होणार वर्षातून पाच. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, दोन जॅकेट, सॅडलबॅग आणि अजिंठ्याच्या दोन-चार फेऱ्या निघतात.

आणि खरं सांगू? दारातली जुनी दीडशे सीसीची पल्सर किंवा तिच्या जातीची कुठलीही धडधाकट बाइक हे सगळं करू शकते. २००१ च्या अखेरीस पल्सर आली आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तिच्यावरूनच पहिल्यांदा गावाबाहेर पडली. तेव्हा ॲडव्हेंचर हा शब्द बाइकला लागत नव्हता, ट्रिपला लागत होता. सीटचा फोम बदला, शॉकअप बघून घ्या, नवे टायर घाला, चेनला तेल द्या. पहिली ट्रिप तिच्यावर करा. तिच्यावर काय दुखलं, ते लिहून ठेवा. नवी गाडी घेताना तीच तुमची यादी.

पोचल्यावरही गाडीचा विचार

अजिंठ्याची एक गंमत आहे, जी माहीत नसेल तर फजिती होते. गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. प्रदूषणापासून चित्रं वाचावीत म्हणून फर्दापूरच्या टी पॉइंटला वाहनं थांबवतात. तिथून पुढे चारेक किलोमीटर बसनं. मग पायऱ्या आणि दरीच्या कडेनं घोड्याच्या नालेसारखी पसरलेली तिसाच्या आसपास लेणी. म्हणजे तुमचं सामान, हेल्मेट, जॅकेट यांचं काय करायचं, हे आधीच ठरवायला हवं. एका मिनिटात निघणारी सॅडलबॅग इथे सोन्यासारखी. त्याहून बरं म्हणजे आधी मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकायचं. फर्दापूरला एमटीडीसीची राहायची सोय आहे. हेल्मेट गाडीला अडकवायला छोटं केबल लॉक ठेवा.

चित्रांच्या लेण्यांत पायताण बाहेर काढावं लागतं. गुडघ्यापर्यंत लेस असलेले रायडिंग बूट घालून गेलात तर अर्धा वेळ लेस सोडण्यात जाईल. बॅगेत साधी चप्पल टाकाच. सोमवारी अजिंठा बंद असतं (वेरूळ मंगळवारी), तेव्हा लाँग वीकेंडचा सोमवार इथे ठेवू नका.

पावसाळ्यात जाणार असाल, तर आणखी एक. वाघोरा नदीचा धबधबा आणि हिरवी दरी त्याच दिवसांत बघावी, हे खरं. पण मराठवाड्याची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येते आणि ओली झाली की साबण होते. तिथे वाकवून वळण घेण्याचा शौक नको. सामान लादलेली गाडी रस्त्याकडेला साइड स्टँडवर लावलीत, तर स्टँड मातीत रुततो आणि चहा येईपर्यंत गाडी आडवी. स्टँडखाली चपटा दगड ठेवायची सवय लावा.

घाट उतरण्याआधी अजिंठा गावात दहा मिनिटं थांबा. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायला पाठवलं होतं. तो या गावात राहिला, वर्षानुवर्षं राहिला. त्याची सोबतीण पारो हिची समाधी गावात आहे, तिच्यावर १८५६ साल कोरलेलं आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्यानं आणि २०१२ च्या नितीन देसाईंच्या सिनेमानं ही जोडी आपल्या ओळखीची झाली. गिलनं केलेल्या बहुतेक प्रती पुढे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. चित्रं मूळ जागी येऊनच बघायची असतात, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

आणि ती बघायला अंगात जीव शिल्लक हवा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर मान वर करून उभं राहायचं आहे, सव्विसाव्या लेण्यातल्या पहुडलेल्या बुद्धापर्यंत चालत जायचं आहे. कंबर धरून बसलेला माणूस दहाव्या लेण्यातूनच परत फिरतो.

परतीचा नियम

शेवटचा मुद्दा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. आरामाची बाइक थकवा कमी करते, नाहीसा करत नाही. रविवारी संध्याकाळी, उन्हात तापलेलं डोकं, पोटात नान खलिया आणि समोरून येणारे प्रखर हेडलाइट, ही सगळ्यात धोक्याची वेळ. म्हणून पुण्यामुंबईच्या मंडळींनी शनिवारी संभाजीनगर गाठून मुक्काम करावा, रविवारी सकाळी लेणी करून दुपारी बाराच्या आत परत फिरावं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे सोमवारची एक रजा टाकावी आणि रविवारची रात्रही शहरात काढावी. दर तासा-दीड तासानं उतरायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं चालायचं. मागची व्यक्ती 'थांबू या' म्हणाली की थांबायचंच, 'अजून दहा किलोमीटर' हे उत्तर चालणार नाही.

तर मंडळी, पुढच्या शनिवारी शोरूममध्ये गेलात की ॲव्हरेज विचारा, हप्ता विचारा, टॉप स्पीड हवं तर तेही विचारा. पण सही करण्याआधी मागे बसणाऱ्या व्यक्तीला सीटवर बसवा, दोन बॅगा लटकवा आणि विचारा, 'अजिंठ्यापर्यंत येशील का यावर?' उत्तर 'हो' आलं, तर घ्या. 'येईन, पण एसटीनं' असं आलं, तर पुढची गाडी बघा.